गोरोबाकाकांच्या तेरातले त्रिविक्रमाचे देऊळ



तेर म्हटले की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. चिखल तुडवता तुडवता नामात हरवलेले त्यांचे पाय, पायाखाली आलेले तान्हे मूल, पुढे तोडून घेतलेले हात आणि नामदेवरायांच्या कीर्तनात पुन्हा फुटलेले हात. कीर्तनकाराने ही कथा लावली की अजूनही फडात डोळे कोरडे राहत नाहीत. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी असलेल्या या गावी आपण जातो ते काकांच्या समाधीसाठी. दर्शन घेतो, नदीकाठी घटकाभर टेकतो, आणि पुढची गाडी धरतो. त्याच गावात त्रिविक्रमाचे एक देऊळ आहे. तिकडे आपल्यापैकी थोडेच जण वळतात, आणि वळले तरी पुढूनच हात जोडून परततात. या देवळाची ओळख मात्र पुढून होत नाही. ती मागून होते.

मागे गेलात की भिंत काटकोनात वळत नाही हे दिसेल. ती गोल वळते. बसलेल्या हत्तीच्या पाठीसारखी. आपल्या जुन्या शिल्पग्रंथांच्या भाषेत या आकाराला गजपृष्ठ म्हणतात. वर पाहिलेत तर शिखर नाही, कळसाकडे चढत जाणारे थर नाहीत. लांबट, कमानदार छप्पर आहे, बैलगाडीवर घातलेल्या ताडपत्रीसारखे, आणि मागच्या बाजूला तेही गोल होऊन खाली उतरते. पुढच्या दर्शनी बाजूला, वर, पिंपळाच्या पानासारखी कमान आहे. ही कमान तुम्ही कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला गेला असाल तर पाहिलेली आहे. तिथे ती डोंगराच्या कातळात आहे, प्रचंड आहे. इथे तीच विटांत आहे, लहान आहे.

हेन्री कझिन्स नावाचे पुराणवस्तू खात्यातले एक इंग्रज अधिकारी विसाव्या शतकाच्या आरंभी तेरला आले. त्यांनी हे देऊळ पाहिले आणि १९०२-०३ च्या सरकारी अहवालात लिहिले, की हे मुळात बौद्धांचे चैत्यगृह असावे आणि त्रिविक्रम इथे नंतर आला. त्याआधी थोडेच दिवस, १९०१ मध्ये, फ्लीट यांनी तेर म्हणजेच प्राचीन 'तगर' हे दाखवून दिले होते. कोल्हापूरचे आणि कोकणचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. म्हणजे राज्य कुठेही असो, आपले मूळ तगरातले, हे सांगण्यात त्यांना भूषण वाटे. ते तगर म्हणजे आपले तेर.

हे गाव एके काळी केवढे होते याची कल्पना आज तिथल्या शांत गल्ल्यांतून फिरताना येत नाही. पहिल्या शतकात समुद्रमार्गे भारताशी व्यापार करणाऱ्या एका ग्रीक भाषिकाने आपल्या नोंदींत दोन शहरांची नावे दक्षिणापथातली मुख्य म्हणून दिली आहेत. एक पैठण आणि दुसरे तगर. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, असे तो लिहितो. तिथून साधे कापड, मलमल आणि इतर माल गाड्यांतून आडवळणी रानांतून भडोचच्या बंदराकडे जातो, असेही सांगतो. म्हणजे नाथांचे पैठण आणि काकांचे तेर ही दोन गावे एका वाटेने जोडलेली होती, आणि तीही नाथांच्या दीड हजार वर्षे आधी. ज्या वाटेने कापडाचे गठ्ठे जात त्याच वाटेने भिक्खू चालत. व्यापाऱ्याला रानात सोबत हवी असे आणि भिक्खूला गावोगावी भिक्षा. लेणी आणि विहार आपल्याला घाटांच्या तोंडाशी आणि पेठांच्या जवळ सापडतात ते त्यामुळेच.

आता हे चैत्यगृह म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण ते समजले की देवळाचा आकार आपोआप उलगडतो.

बुद्धांच्या निर्वाणानंतर कितीतरी शतके त्यांची मूर्ती घडवली जात नव्हती. पूजा होई ती स्तूपाची. स्तूप म्हणजे अस्थींवर किंवा त्यांच्या स्मरणार्थ रचलेला अर्धगोल ढिगारा, वर छत्री. आपण समाधीला मानतो, तिच्यावर हार घालतो, तिच्याभोवती फिरतो. ती भावना ओळखीचीच आहे. स्तूपाची मुख्य उपासना म्हणजे प्रदक्षिणा. मोकळ्या मैदानातल्या स्तूपाभोवती प्रदक्षिणा सहज होते. पण पाऊस लागला, की स्तूपावर छप्पर हवे. स्तूप गोल, त्याच्याभोवती फिरणारी माणसे गोल फिरणार, तेव्हा त्याच्यामागची भिंतही गोलच हवी. पुढे बसून पठण ऐकणाऱ्यांसाठी लांबट जागा हवी. लांबट सभागृह आणि मागे गोल टोक, हा आकार कुणा शिल्पीच्या हौसेतून आलेला नाही. प्रदक्षिणा घालणाऱ्या पावलांनी तो काढलेला आहे.

ही घरे आधी लाकडाची आणि बांबूची होती. वाकवलेल्या वाशांवर गवताचे किंवा कौलांचे छप्पर. ती सगळी केव्हाच मातीत गेली. पण त्यांची नक्कल डोंगरात कोरलेली राहिली. मळवलीजवळ भाज्याचे लेणे पाहा. तिथले दगडी खांब सरळ उभे नाहीत, आत कलले आहेत. लाकडी खांबावर छपराचा भार बाहेर ढकलतो म्हणून तो आत कलता लावतात. दगडात त्याची गरजच नव्हती, तरी कारागिराने सवयीने तसे कोरले. कार्ल्याला तर कमानीखालच्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत, आणि स्तूपावरची लाकडी छत्रीसुद्धा. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच असे ते दालन पहिल्या शतकाच्या आसपास कातळातून वरून खाली कोरत आणले. खांबाखांबावर देणाऱ्यांची नावे आहेत. धेनुकाकट नावाच्या गावचे व्यापारी आहेत, यवन म्हणजे परदेशी वंशाची माणसे आहेत. दाराचे काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नावसुद्धा आहे. सोपाऱ्याहून आलेल्या एका भाणकाने खांब दिला. भाणक म्हणजे धर्मवचने मुखोद्गत करून लोकांना म्हणून दाखवणारा. त्याला आपल्या कीर्तनकाराचा पूर्वज म्हणणे कदाचित ओढूनताणून होईल, पण आपल्या गळ्यावर धर्म वाहून नेणाऱ्या माणसाचे नाव दगडावर पाहिले की आपल्याला आपलेपणा वाटतोच.

तेरला डोंगर नाही. मग तिथल्या लोकांनी तोच आकार विटांत उभा केला.

विटांची कमान रचण्याची एक रीत अशी की विटा उभ्या, पंख्यासारख्या लावत मध्ये किल्लीची वीट ठोकायची. इथे तसे केलेले नाही. प्रत्येक थर आडवाच आहे, पण खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवलेला. दोन्ही भिंती अशा थोड्या थोड्या जवळ येत वर भेटतात. भाकरी थापणारी बाई जसे हाताने कड सावरत नेते तशी ही रचना अंदाजाने आणि धीराने होते. एखादा थर जास्त आत गेला तर सगळे कोसळते. कार्ल्यासारख्या खांबांच्या रांगा इथे नाहीत, एवढ्याशा जागेत त्या मावणारही नाहीत. पुढचा सपाट छपराचा मंडप मागाहून जोडलेला आहे, तो डोळ्यांनी बाजूला काढून पाहावा लागतो. डोंगरात कोरलेली चैत्यगृहे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. पण जमिनीवर बांधलेले, विटांचे आणि छपरासकट उभे राहिलेले असे देऊळ म्हटले की अभ्यासक दोन नावे प्रामुख्याने घेतात. एक आंध्रातल्या चेझर्ल्याचे कपोतेश्वर आणि दुसरे हे. चेझर्ल्यालाही आज महादेवाची पूजा होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तेरच्या जुन्या विटांविषयी एक गोष्ट सगळ्यांना नवल वाटावी अशी आहे. त्यांतल्या काही पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचा तूस कालवून वीट भाजली की आतला तूस जळून जातो, जागोजागी पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. वर चढत जाणाऱ्या बांधकामाला हलकी वीट सोयीची. हे कसब कुणाचे? कुंभाराचे. तेरणेची माती, भट्टी आणि आच यांचा मेळ ज्याच्या हाताला कळतो त्याचे. कार्ल्याच्या सुताराचे नाव तरी उरले. तेरच्या विटा भाजणाऱ्याचे नाव कुठेही नाही. पण काकांच्या हातात जी माती होती तीच त्यांच्याही हातात होती. आपला विठोबा विटेवर उभा आहे, आणि तेरला ही एक सबंध देवाची खोली विटेवर उभी आहे, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता प्रश्न. हे देऊळ खरेच बौद्धांचे होते का?

प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगायला हव्यात. कझिन्स यांचा आधार मुख्यतः आकाराचा होता. पण गजपृष्ठ आकार केवळ बौद्धांचा नाही. कर्नाटकात ऐहोळेचे दुर्ग मंदिर मागे गोलच आहे आणि ते मुळापासून हिंदू आहे. देवळाच्या काळाविषयीही एकमत नाही. कोणी ते सातवाहनांच्या अखेरच्या दिवसांजवळ नेतात, कोणी पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत खाली आणतात. म्हणून हे पहिल्यापासून विष्णूचेच असेल असे म्हणणारेही आहेत. दुसरीकडे, तेरला पुढे जी उत्खनने झाली त्यांत विटांच्या एका मोठ्या स्तूपाचा पाया सापडला. त्याची आतली रचना गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी आहे. म्हणजे या गावात बौद्धांची मोठी वस्ती आणि उपासना होती यात शंका उरत नाही. पिंपळपानी कमान, प्रदक्षिणेसाठी वळलेली भिंत आणि गावातच स्तूप, हे सगळे एकत्र ठेवले तर कझिन्स यांचे म्हणणे मला जास्त पटते. ज्याला पटत नसेल त्याने न मानावे; मतभेदाला जागा आहे.

खरी अडचण पुराव्याची नाही, मनाची आहे. 'हे आधी बौद्धांचे होते' असे कुणी म्हटले की आपल्यातले काही जण दुखावतात, जणू कुणी आपले देऊळ काढूनच घेतो आहे. आणि म्हणणाऱ्यांतही काही जण ते वाक्य दगडासारखे फेकतात. दोघांनाही देवळाकडे बघायला सवड नसते.

थोडे थांबून पाहिले तर काय दिसते? या देवळाची मोडतोड करून वर दुसरे बांधलेले नाही. तीच भिंत, तेच छप्पर, तीच कमान. गावातला स्तूप जमिनीखाली गेला, त्याचा पाया खणून काढावा लागला. पडक्या इमारतीच्या विटा लोक घरासाठी नेतात, हे आपण कोणत्याही गावात पाहतो. हे देऊळ तेवढे उभे राहिले, कारण इथे कुणीतरी रोज दिवा लावत राहिले, गळके छप्पर बुजवत राहिले. ही एक बाजू. दुसरी बाजूही डोळ्याआड करू नये. या खोलीत स्तूप असेल तर तो आज नाही. कुणाच्या तरी उपासनेची वस्तू इथून गेली. भिक्खू निघून गेल्यावर रिकामी पडलेली जागा नव्या देवाने भरली, की वसती असतानाच ती बदलली, हे ती भिंत सांगत नाही. बळीच्या डोक्यावर पाय ठेवणारा त्रिविक्रम मुद्दाम निवडला गेला, असा अर्थ काही जण लावतात. दिवाळीत 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणत ओवाळणाऱ्या शेतकऱ्याच्या प्रदेशात हा अर्थ झटकून टाकावा इतका हलका नाही. तो सिद्ध झालेला आहे असेही नाही.

आपल्या परंपरेला हा विषय परका नाही. जुन्या पंचांगांवर आणि कितीतरी देवळांतल्या दशावतारांच्या पट्ट्यांत नवव्या जागी कोण उभा असतो ते आठवून पाहा. कटेवर हात ठेवलेला विठ्ठलच. संतांच्या अभंगांतून विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटलेले आढळते. पुराणांत बुद्धावताराची कथा दैत्यांना भुलवण्यासाठी घेतलेला अवतार अशी येते. संतांनी मात्र त्या जागी मौन धरून उभा असलेला, शस्त्र नसलेला, भक्ताची वाट पाहणारा देव पाहिला. हा फरक लहान नाही. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठलाशी जोडल्या गेलेल्या अनेक धाग्यांचा मागोवा घेतला, त्यांत हाही धागा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९५४ मध्ये देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा पंढरपूरची मूर्ती बुद्धाचीच, असे मत मांडले. इंद्रायणीच्या खोऱ्यात, तुकोबांच्या गावाशेजारी हे बोलले गेले.

मात्र एक जपायला हवे. आपण प्रेमाने 'अवतार' म्हणतो तेव्हा ते आपल्या घरात बोलावणे असते. समोरच्याला ते तसेच वाटेल असे नाही. १९५६ साली नागपूरला दीक्षा घेताना ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मानणार नाही, अशीही प्रतिज्ञा आहे. तेरला आलेला बौद्ध उपासक त्रिविक्रमापुढे हात जोडेलच असे नाही. तो कदाचित मागच्या गोल भिंतीपाशी उभा राहील. त्याला तिथे उभे राहू द्यावे, आणि 'सगळे एकच हो' असे म्हणून त्याचे वेगळेपण पुसू नये.

याच गावातल्या एका कथेकडे या निमित्ताने पुन्हा पाहावेसे वाटते. संतमेळा काकांच्या घरी जमला. मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे कशासाठी? मडके पक्के की कच्चे ते पाहण्यासाठी. मग काकांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. दुखावलेले नामदेव पंढरीला गेले, देवाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले. औंढ्याला विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. पाय जिथे ठेवावे तिथे पिंड. ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली. पण ज्या दिवशी तेरला थापटणे वाजले असे आपण मानतो, त्या दिवशी हाकेच्या अंतरावर हे विटांचे देऊळ उभे होतेच, आणि तेव्हाच ते शेकडो वर्षांचे जुने होते. काकांनी समाधी घेतली ती शके १२३९ मध्ये, म्हणजे १३१७ साली. कुंभाराच्या नजरेला त्या मागच्या भिंतीची गोलाई वेगळी वाटली नसेल असे मला वाटत नाही.

एक विनंती गावोगावच्या मंडळींना. जीर्णोद्धाराचा उत्साह आपल्याकडे दांडगा आहे. वर्गणी जमते, जुन्या भिंतीवर सिमेंट चढते, वर तैलरंग, खाली चकचकीत फरशी. जुनी वीट आणि चुना ओल आत घेतात आणि बाहेर सोडतात. सिमेंट ती ओल आत कोंडते. मग वीट आतल्या आत भुगा होते आणि वरचा गिलावा मात्र छान दिसत राहतो. असे शेवटी एका पावसाळ्यात कोसळते. आपल्या गावात विटांचे जुने देऊळ असेल तर गवंड्याला बोलावण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारावे. देवाला घाई नसते.

तेरला जाल तेव्हा काकांचे दर्शन आधी घ्या. मग त्रिविक्रमाकडे या, आणि दर्शन झाल्यावर उजव्या बाजूने, भिंतीला हात न लावता, हळू मागे जा. मंडपाची सरळ भिंत कुठे संपते आणि जुनी भिंत कुठे सुरू होते ते सापडेल. वळणावर क्षणभर थांबून छपराची कड पाहा. त्यानंतर गावातल्या लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात जा. रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी तेरच्या शेतांत, नदीकाठी सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या, त्यांतून ते उभे राहिले. तिथे मातीच्या बाहुल्या आहेत, मणी आहेत, भांडी आहेत. उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट आहे, इतक्या शतकांनंतरही लाकूड म्हणून ओळखू येणारी. मातीच्या बाहुल्यांपुढे जरा जास्त वेळ थांबा. काकांच्या आधीच्या कुंभारांच्या हातच्या आहेत त्या.